ईव्ही केलेली फियाट पावसात, तेही रात्रीच बंद पडते? आधी १२ व्होल्टचं अर्थिंग बघा

प्रॉब्लेम असा की गाडी दिवसा एक नंबर पळते, मेन बॅटरी ६०-७० टक्के दाखवत असते, कुठलीही कुरकुर नाही, आणि रात्री पाऊस सुरू असताना अर्ध्यापाऊण तासाने चालता चालता खट्कन बंद. बोनेटखालून कॉन्टॅक्टर (मेन बॅटरीची लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटल्याचा 'टक्' असा आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर मेला, गाडी आपल्या वेगाने घरंगळत बाजूला घ्यायची. चावी बंद करून लाइट वायपर बंद करून पाच-दहा मिनिटं बसलं की परत चालू, जणू काही झालंच नव्हतं. मग पाच-सात किलोमीटर जाते आणि परत तेच.

माझ्या गाडीला हे जुलै ते सप्टेंबर अकरा वेळा झालं. त्यातल्या नऊ वेळा मी चुकीच्या जागी बघत होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आणखी दोघांच्या जुन्या गाड्यांना (एक बीटल, एक अँबेसेडर) थोड्या फरकाने हेच झालेलं बघितलंय, त्यामुळे हा फक्त माझ्या डब्याचा दोष नाही.

आधी गाडी सांगतो. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, बाबांनी नवी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन, ४० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, हँडलवरचे चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन दोनदा बोअर करून झालं होतं, तिसऱ्यांदा करायला जीव धजेना, म्हणून काढलं आणि मोटर बसवून घेतली. ९६ व्होल्टचा पॅक, एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) ३० सेल, १५० अँपिअर अवर, म्हणजे साधारण साडेचौदा किलोवॉट अवर, गावात ९०-१०० किलोमीटर आरामात जाते. क्लच आणि गिअरबॉक्स मूळचाच ठेवलाय, मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट. बाबांना अजून पटलेलं नाही, ते तिला 'मिक्सर' म्हणतात, पण बसतात पुढेच.

कागदपत्रांचा विषय इथे उघडत नाही, एवढंच सांगतो की किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पास झालेलं असेल आणि अधिकृत माणसाने बसवलं असेल तरच आरटीओ आरसीवर नोंद करतो, नाहीतर इन्शुरन्सवाले हात वर करतात. आणि ज्यांची गाडी पन्नाशीला आलीय त्यांनी दोनदा विचार करा, कारण २०२१च्या व्हिंटेज नियमात गाडी मूळ स्वरूपात लागते आणि इंजिन बदललं की तो 'व्हीए'वाला नंबर विसरा.

तर आता मी काय काय चुकीचं केलं ते.

गाडी बंद पडली की डिस्प्लेवर 'एलव्ही' असा एरर यायचा. एलव्ही म्हणजे लो व्होल्टेज, हे कुणालाही कळतं, आणि लो व्होल्टेज म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तो ९६ व्होल्टचा मोठा पॅक. मी सरळ धरून चाललो की एखादा सेल कमजोर आहे, लोडवर त्याचं व्होल्टेज खाली बसतं आणि बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) कॉन्टॅक्टर सोडतो. पॅकचं झाकण उघडलं, ३० सेल, सगळे बसबार (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) टॉर्क रेंचने परत आवळले, तीन नट खरंच ढिले निघाले आणि मी खूष, म्हणलं सापडलं. दोन दिवसांनी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये परत बंद.

मग थ्रॉटल. पेडलचा सेन्सर बदलला, जुन्यात काहीच दोष नव्हता. मग कॉन्टॅक्टर बदलला, तो तर चांगलाच महाग. आणि मग सगळ्यात मूर्खपणा केला तो सांगायलाच पाहिजे, बीएमएसमध्ये जाऊन सेलचा कटऑफ (ज्याच्या खाली गेलं की बीएमएस लाइन तोडतो ते व्होल्टेज) २.८ वरून २.५ वर आणला. हे कुणी करू नका. फॉल्ट सापडला नाही म्हणून अलार्मचा आवाज कमी करण्यातला प्रकार आहे हा, आणि उद्या खरंच एखादा सेल खाली गेला तर तो मरेपर्यंत तुम्हाला कळणार नाही. मी आता परत २.८ केलंय.

ज्याने किट बसवलं त्याला फोन केला की एकच उत्तर, "साहेब, पाणी जात असेल कुठेतरी." पावसात होतंय म्हणजे पाणी, इतकं सरळ. सगळे कनेक्टर उघडून वाळवले, वर सिलिकॉन थापलं, कंट्रोलरवर (मोटरला करंट देणारा डबा) प्लास्टिकचं छप्पर करून बसवलं. फरक शून्य.

खरा धागा बाबांमुळे हाती लागला. ऑगस्टमध्ये भोरहून येत होतो, धो धो पाऊस, खेड शिवापूर मागे टाकलं आणि जुन्या कात्रज घाटाला लागलो. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "अरे, तू इंडिकेटर दिलास ना की तुझा तो टीव्ही डोळे मिचकावतो." टीव्ही म्हणजे किटचा डिस्प्ले. मी म्हणलं काहीतरीच काय, पण बघितलं तर खरंच. टिक, डिस्प्ले मंद. टिक, परत उजळ. हेडलाइटही त्याच ठेक्यात किंचित बसत होते, समोरच्या दगडी कठड्यावर स्पष्ट दिसत होतं. ब्रेक दाबला की आणखी मंद. त्या रात्री बोगद्याच्या अलीकडे बंद पडली आणि पहिल्यांदाच मला राग आला नाही, कारण इंडिकेटरचा ९६ व्होल्टच्या पॅकशी डायरेक्ट काहीही संबंध नसतो. तो १२ व्होल्टवर चालतो. एलव्ही म्हणजे १२ व्होल्टच लो होते, मोठ्या पॅकला मी उगाच बदनाम करत होतो.

हा मुद्दा नीट समजून घ्या कारण जुन्या गाडीच्या कन्व्हर्जनमध्ये सगळे इथेच फसतात. ईव्ही केली तरी गाडीत १२ व्होल्टचं अख्खं जग तसंच राहतं. लाइट, वायपर, हॉर्न, इंडिकेटर तर आहेतच, पण आता त्याच १२ व्होल्टवर कॉन्टॅक्टरची कॉइल आहे, बीएमएस आहे, कंट्रोलरचा मेंदू आहे, फॅन आहेत. पूर्वी डायनामो किंवा अल्टरनेटर चार्ज करायचा, आता डीसी-डीसी कन्व्हर्टर ९६चे १३.८ करून देतो. पेट्रोलच्या इंजिनला १२चे ११ झाले काय आणि १० झाले काय, कॉइल स्पार्क देत राहते, दिवे पिवळे पडतात, आपण म्हणतो बॅटरी बदलायला झाली आणि घरी पोचतो. इलेक्ट्रॉनिक्सला असली माया नसते. ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की ते बंद, आणि बंद होताना कॉन्टॅक्टर सोडून देतं, तुम्ही घाटात असा नाहीतर घरच्या पार्किंगमध्ये.

आता पाऊस आणि रात्रीचं कोडं सोडवू. हेडलाइट ५५-५५ वॉटचे दोन, म्हणजे ९ अँपिअर. पार्किंग, नंबर प्लेट, डॅशबोर्डचे दिवे मिळून दोन-अडीच. वायपर चार. ब्रेक लाइट २१-२१ वॉटचे, साडेतीन. कंट्रोलरचा फॅन, कॉइल, बीएमएस मिळून तीन-चार. झाले ना बावीसच्या पुढे, वर इंडिकेटर टिकटिकला की पंचवीस. दिवसा कोरड्या रस्त्यावर हाच आकडा पाच-सहा असतो. म्हणजे पाण्याचा काही दोष नाही, पावसात रात्री नुसता लोड चौपट होतो. माझा डीसी-डीसी ३० अँपिअरचा होता, म्हणजे कागदावर पुरायला हवा. मग का पुरत नव्हता?

रविवारी सकाळी गाडी सोसायटीत उभी केली, चावी ऑन, हेडलाइट, वायपर सगळं चालू, आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. डीसी-डीसीच्या आउटपुटच्या दोन टोकांवर १३.७ व्होल्ट. झकास. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर ११.७. आता बघा, दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत, अंतर जेमतेम तीन-चार फूट, आणि मध्ये २ व्होल्ट गायब. किट बसवणाऱ्याने आणि मीही आत्तापर्यंत फक्त डीसी-डीसीवरच मोजलं होतं, १३.७ दिसलं की 'ओके' म्हणून पुढे.

मग कुठे गायब होतायत ते शोधलं. मीटरची एक पिन डीसी-डीसीच्या प्लसवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर, मीटर डीसी व्होल्टवरच. ०.२. ठीक आहे. मग एक पिन डीसी-डीसीच्या मायनसवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. १.८. मायनस ते मायनस! शून्याच्या जवळ पाहिजे तिथे जवळपास दोन व्होल्ट.

गंमत म्हणजे याच दोन टोकांमध्ये मी महिनाभर आधी कंटिन्युइटी तपासली होती आणि मीटर छान 'बीऽऽप' वाजला होता. कंटिन्युइटीची बीप ही या कामात सगळ्यात मोठी थापाडी आहे. मीटर त्यातून किती करंट सोडतो, एक मिलिअँपिअरच्या आसपास. ०.१५ ओहमचा अडथळा असला तरी तो आनंदाने बीप करणार. पण त्याच ०.१५ ओहममधून १२ अँपिअर जायला लागले की १.८ व्होल्ट खाऊन टाकतो. केसाएवढी तार शिल्लक असली तरी बीप होते, काम होत नाही. म्हणून अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जायचा रस्ता, तपासायचं ते लोड चालू ठेवून, व्होल्टेज ड्रॉप मोजून. बंद गाडीत ओहम मोजून काही कळत नाही. नाना पेठेतला जो वायरमन मला वायर-थिंबल (थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी) देतो तो तर मीटर वापरतच नाही, हेडलाइटचा एक जुना बल्ब आणि दोन वायरी, बल्ब पूर्ण पेटला तर लाइन चांगली, पिवळट पेटला तर खराब. मला आधी ते गावठी वाटायचं. आता कळलं की तो बल्ब साडेचार अँपिअर ओढून बघतो, माझा हजार रुपयांचा मीटर काहीच ओढत नाही.

पण वायर कुठली खराब होती? ऐका, कारण हा भाग मला स्वतःलाच आधी खरा वाटेना.

वायर नव्हतीच.

जुन्या गाडीत बॅटरीचा मायनस बॉडीला असतो, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळं. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला एक तांब्याच्या जाळीची चपटी पट्टी असते, स्टार्टरचा सगळा करंट तीतून परत जातो. इंजिन काढताना ती पट्टी इंजिनाबरोबर निघाली आणि इंजिनाबरोबरच भंगारात गेली. स्टार्टर नाही मग पट्टी कशाला, असा हिशोब कुणाच्या डोक्यात आलाही नसेल, नुसती राहून गेली. नंतर मोटरच्या वर जी लोखंडी फ्रेम केली तिच्यावर डीसी-डीसी बसवला आणि त्याचा मायनस दिला त्याच फ्रेमच्या बोल्टला. फ्रेम मोटरला, मोटर गिअरबॉक्सला, आणि हे सगळं रबरावर. म्हणजे डीसी-डीसीचा मायनस हवेत लटकतोय आणि बॅटरीचा मायनस बॉडीवर. दोघांच्या मध्ये अधिकृत असा रस्ताच नाही.

मग १२ अँपिअर कुठून जात होते? मी डॅशबोर्डखाली हात घालून वायरी चाचपत होतो, आणि हाताला स्पीडोमीटरची केबल लागली. गरम. चहाच्या कपासारखी गरम. गाडी उभी, चाकं फिरत नाहीयेत आणि स्पीडोमीटरची केबल गरम! तिचं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं मीटरच्या मागे, मीटर बॉडीला. बिचारी पोलादी स्प्रिंगची केबल दोन महिने गाडीच्या अख्ख्या लाइटचा करंट वाहून नेत होती, थोडाफार हँडलच्या गिअरच्या सळ्यांमधून जात असेल. वरचं प्लास्टिक दोन ठिकाणी वितळून चकाकायला लागलं होतं. पेट्रोल गाड्यांमध्ये अर्थिंगची पट्टी तुटली की अ‍ॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल जळते हे जुने मेकॅनिक सांगतात, ते हेच.

आता सगळं जुळतं बघा. लोड कमी असला की केबलमधून भागतं. रात्री पावसात २२ अँपिअर लागतात, डीसी-डीसीकडून रस्त्याच्या अडचणीमुळे बाराच्या आसपास येतात, उरलेले दहा १२ व्होल्टच्या बॅटरीतून जातात. आणि तिथे दुसरी मखलाशी, 'स्टार्टर नाही मग मोठी बॅटरी कशाला' म्हणून बाइकची ९ अँपिअर अवरची बॅटरी बसवलेली. दहा अँपिअरने ती किती टिकणार, अर्धा-पाऊण तास. बरोब्बर तेवढ्याच वेळाने गाडी बंद पडायची! शेवटचा धक्का ब्रेक किंवा इंडिकेटर द्यायचा. आणि लाइट बंद करून दहा मिनिटं बसलं की बॅटरी जरा दम घ्यायची, गाडी परत चालू. या दोन महिन्यांत मी ज्याला 'आपोआप बरं होतं' म्हणत होतो ते हे.

दुरुस्ती तासाभराची. डीसी-डीसीच्या मायनसपासून थेट १२ व्होल्ट बॅटरीच्या मायनसपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दोन्हीकडे थिंबल नीट प्रेस केलेले, पकडीने चेपलेले नाही. मोटरच्या फ्रेमपासून बॉडीला नवी जाळीची पट्टी. बॉडीवर जिथे बोल्ट लावायचा तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर, आवळून वर व्हॅसलीन. बॅटरी ते बॉडी ही मूळची वायर ३७ वर्षांची होती, थिंबलच्या आत हिरवी पूड झालेली, तीही बदलली. कारची साधी ३५ अँपिअर अवरची बॅटरी. परत सगळे लाइट लावून मोजलं, डीसी-डीसीवर १३.७, बॅटरीवर १३.४, मायनस ते मायनस ०.०६. या मायनसच्या बाजूला लोडवर ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.२ पर्यंत चालवून घ्या, त्याच्या वर असेल तर शोधा.

प्लसच्या बाजूला पण एक काम निघालं. फियाटमध्ये बराचसा लोड चावीच्या स्विचमधून फिरून जातो, आणि किटवाल्याने कंट्रोलरचे आणि बीएमएसचे १२ व्होल्ट त्याच स्विचच्या मागून घेतले होते कारण तिथे वायर हाताशी होती. त्या स्विचचे आतले पॉइंट माझ्या लहानपणापासूनचे. आता बॅटरीपासून फ्यूज लावून वेगळी लाइन दिलीय, चावी फक्त रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) उचलते. हेडलाइटलाही रिले लावले, उजेड इतका वाढला की बाबा म्हणाले आधी हेच केलं असतंस तर इंजिन काढावं लागलं नसतं.

हे करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वर जे चाललंय ते १२ व्होल्टच्या बाजूला, तिथे हात लावायला हरकत नाही. ९६च्या बाजूला नाही. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वर धोक्याचं मानतात, आणि डीसीचा आर्क एसीसारखा सहज तुटत नाही. सर्व्हिस डिस्कनेक्ट (पॅकची लाइन हाताने तोडायचा प्लग) काढल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मीटरने मोजून खाली आल्याशिवाय पाना घालू नका. अंगठी आणि मेटलचं घड्याळ काढून ठेवा. ९६च्या पॅकचा प्लस किंवा मायनस बॉडीला कुठेही जोडलेला नसतो, आणि नसायलाच हवा, त्यामुळे 'अर्थिंग चांगलं करतो' म्हणून उत्साहात पॅकचा मायनस बॉडीला जोडू नका. डीसी-डीसी आयसोलेटेड आहे ना हेही बघा, स्वस्तात मिळणाऱ्या काहींत दोन्ही बाजूंचा मायनस आतून एकच असतो.

आणि ज्यांची गाडी अशी अनेकदा चालत्या लोडवर बंद पडलीय त्यांनी कॉन्टॅक्टर तपासून घ्या. करंट वाहत असताना तो सुटला की आत ठिणगी पडते, पॉइंट खडबडीत होतात आणि एखाद्या दिवशी चिकटतात, म्हणजे चावी बंद केली तरी मोटरची लाइन चालूच. माझा जुना उघडून बघितला तर पॉइंटवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. तपासायला सोपं आहे, चावी बंद केल्यावर कंट्रोलरच्या बाजूचं व्होल्टेज हळूहळू उतरायला हवं. ९६वरच अडकून राहिलं तर एक तर कॉन्टॅक्टर चिकटलाय किंवा प्रीचार्जचा रेझिस्टर (कॉन्टॅक्टर लागण्याआधी कपॅसिटर हळूहळू भरणारा) कायमचा जोडून ठेवलाय.

सगळ्यांचंच दुखणं हे नसणार, म्हणून थोडक्यात. बंद पडण्याची वेळ बघा, तीच सांगते. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याक्षणी, विशेषतः चार्ज कमी असताना बंद पडत असेल तर खरंच मोठा पॅक, एखादा सेल किंवा ढिला बसबार. खड्ड्यात आपटल्यावर बंद पडत असेल तर कुठलातरी कनेक्टर किंवा पेडलचा सेन्सर, आणि पेडलवरून पाय पूर्ण काढल्यावर परत चालू होत असेल तर जवळजवळ नक्कीच पेडल. सकाळी चावी फिरवल्यावर चालूच होत नसेल तर प्रीचार्ज किंवा रात्रभरात १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली. घाटात दम कमी कमी होत गेला पण बंद पडली नाही तर कंट्रोलर तापलाय, तो ताकद हळूहळू कमी करतो, खट्कन सोडत नाही. आणि अर्ध्या तासाने, लाइट चालू असताना, इंडिकेटरच्या ठेक्यात डिस्प्ले मिचकावून मग बंद, तर वर लिहिलंय तेच.

बीटलवाल्याचं थोडं वेगळं निघालं, त्याच्याकडे अर्थिंग ठीक होतं पण डीसी-डीसीच १० अँपिअरचा, स्कूटरचा. अँबेसेडरवाल्याने १२ व्होल्टची बॅटरीच काढून टाकली होती, डीसी-डीसी आहे ना म्हणून. हॉर्न मारला की गाडी बंद! हॉर्न सुरू होताना जो झटक्यात करंट ओढतो तो कन्व्हर्टर देऊ शकत नाही, मध्ये बॅटरीची उशी लागतेच. त्याने महिनाभर हॉर्न न मारता गाडी चालवली, पुण्यात, हेच मला विशेष वाटतं.

मावसभाऊ इंग्लंडात आहे, तो जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेऊन हेच करायचं म्हणतोय, त्याला सांगितलेलं इथेही लिहितो कारण आपल्याकडेही जुन्या ब्रिटिश गाड्या आहेत. १९६७च्या आधीच्या एमजीबीत आणि त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, मायनस नाही. किटचं सगळं सामान मायनस बॉडीला धरून बनवलेलं असतं. तसंच जोडलं तर अर्थिंग मोजायची वेळच येणार नाही, पहिल्याच दिवशी धूर. आधी अख्खी गाडी निगेटिव्ह अर्थ करून घ्यायची, अँपिअर मीटरच्या वायरी उलटवायच्या, मगच पुढे. आपल्या फियाटला ही भानगड नाही, ती मुळातच निगेटिव्ह अर्थ.

दुरुस्तीनंतर दोन पावसाळी ट्रिपा झाल्या, एक परत भोरलाच, मुद्दाम रात्री, सगळे लाइट लावून, वायपर फुल्ल, घाटात उगाच ब्रेक आणि इंडिकेटर देत. १२ व्होल्टवर छोटा मीटर लावून ठेवला होता, १३.३ च्या खाली आला नाही. बाबा बोगद्यापाशी म्हणाले, "थांबव जरा, सवय झालीय इथे थांबायची." थांबलो, कणीस खाल्लं, निघालो.

खर्च सांगायचा तर पट्टी, वायर, थिंबल, रिले सगळं मिळून दीड हजाराच्या आत, बॅटरी वेगळी. कॉन्टॅक्टर आणि थ्रॉटलवर उगाच घातलेले पैसे इथे लिहीत नाही, बायको वाचते हे.

आता एकच राहिलंय. डावा इंडिकेटर पेटून राहतो, मिचकत नाही. फ्लॅशर (इंडिकेटर मिचकवणारी डबी) जुना पत्र्याचाच आहे, एक बल्ब गेला की तो मिचकत नाही, म्हणजे मागचा बल्ब गेला असणार. पण आता सवयीने आधी त्या बल्बच्या होल्डरचं अर्थिंग मोजणार, मग बल्ब.